स्टेपर ड्रायव्हर आणि एसएमपीएस वाचवायला कपॅसिटर कोणता आणि कुठे?

कुडाळचा_सुतार

मंडळी, नमस्कार. देव्हाऱ्यांच्या जाळ्या आणि दारांवरची नक्षी काढायला एक सीएनसी राऊटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन) घेतलाय, सहाशे बाय चारशे मिमीचा. नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटरी, १६ मिमी जाडीचे आणि १० मिमी पिचचे (एका फेऱ्यात १० मिमी सरकवणारे) बॉलस्क्रू, ५० व्होल्टपर्यंतचे डिजिटल ड्रायव्हर (मोटरींना करंट देणारे), ३६ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (मेनच्या विजेचा डीसी करणारा सप्लाय). स्पिंडल (कापणारी मोटर) धरून गँट्री (सरकणारी चौकट) बारा किलो भरते.

लाकूड कापताना काहीच तक्रार नाही. पण रॅपिड (न कापता नुसतं सरकण्याचा वेग) मिनिटाला १० मीटरवर ठेवला की गँट्री थांबता थांबता एसएमपीएस मान टाकतो. तिरकी धाव असेल तर हमखास. त्यात मागच्या आठवड्यात एक्सचा ड्रायव्हर कायमचा गेला.

व्हिडिओवाले सगळे म्हणतात कपॅसिटर लाव. दुकानदार म्हणतो, "हजार-पन्नास न्या, सगळे तेच नेतात." आता हजार मायक्रोफॅरडच का, पन्नास व्होल्टच का, आणि लावायचा एसएमपीएसपाशी की ड्रायव्हरपाशी, हे कोणी सांगत नाही. जाणकारांनी जरा उजेड पाडावा.

रेडिओवाले_काका

आधी एवढं सांग. एसएमपीएस पडला की आपोआप उठतो, की मेन स्विच बंद करून पुन्हा लावावा लागतो?

कुडाळचा_सुतार

स्विच बंद करून थोडं थांबावं लागतं काका. आपोआप उठत नाही. अजून एक गंमत म्हणजे, लाईट गेलेली असताना गँट्री हाताने जोरात ढकलली तर ड्रायव्हरचा हिरवा दिवा लागतो.

रेडिओवाले_काका

मग ओव्हरलोड नाही. या जातीचे बहुतेक एसएमपीएस ओव्हरलोडला उचकी लागल्यासारखे बंद-चालू होत राहतात आणि भार कमी झाला की स्वतःच सावरतात. स्विच फिरवल्याशिवाय उठत नाही म्हणजे त्याला आउटपुटवर जास्त व्होल्टेज दिसलंय. तुझ्या मशीनला करंट कमी पडत नाहीये, उलट मशीनच सप्लायला परत पाठवतंय. हिरवा दिवा लागतो तो त्याचाच पुरावा. मोटर फिरवली की ती जनित्र होते आणि ड्रायव्हरमधल्या मॉस्फेटच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या) अंगच्या डायोडांतून वीज मागे डीसी लाइनवर येते.

सोल्डरगंध

काकांचं निदान बरोबर वाटतंय. कपॅसिटरबद्दल बोलायचं तर "कपॅसिटर लाव" या एका वाक्यात दोन अगदी वेगळी कामं कोंबलेली असतात, म्हणून हा गोंधळ होतो.

पहिलं काम ड्रायव्हरच्या पायाशी. ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो. एसएमपीएसपासूनची वायर म्हणजे थोडं इंडक्टन्स असतंच, मीटरभर जोडीला साधारण एक मायक्रोहेन्रीपर्यंत धरा. तो तोडलेला करंट जवळच्या जवळ पुरवायला आणि शोषायला ड्रायव्हरच्या टर्मिनलवर कपॅसिटर लागतो. तिथे आकडा मोठा असण्यापेक्षा अंतर कमी असणं आणि कपॅसिटर लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) असणं महत्त्वाचं. १०० ते २२० मायक्रोफॅरड पुष्कळ झाले, पण दोन इंचांच्या आत.

दुसरं काम परत आलेली ऊर्जा साठवायचं. तिथे मात्र मायक्रोफॅरडच मोजायचे, आणि तो एसएमपीएसपाशी असला तरी चालतो.

दुसऱ्याचं गणित सोपं आहे. मिनिटाला १० मीटर म्हणजे सेकंदाला ०.१६७ मीटर. बारा किलोची गतिज ऊर्जा अर्धा गुणिले १२ गुणिले ०.१६७ चा वर्ग, म्हणजे ०.१७ ज्यूल. कपॅसिटरमध्ये अर्धा सी व्ही-वर्ग. ३६ व्होल्टला १००० मायक्रोफॅरडमध्ये आधीच ०.६५ ज्यूल असतात, त्यात ०.१७ घातले की व्होल्टेज साधारण ४० वर जातं.

शिरोलीचा_टर्नर

ताई, सूत्र बरोबर पण नुसती गँट्री कशाला धरली? मोटरचा रोटर आणि स्क्रू हवेत फिरतात काय?

नेमा २३ चा रोटर साधारण ३०० ग्रॅम-सेमी वर्ग धरा. १० मिमी पिचला मिनिटाला १० मीटर म्हणजे १००० आरपीएम. एकट्या रोटरमध्ये ०.१६ ज्यूल. १६ मिमीचा पोलादी स्क्रू ६०० मिमी लांब असेल तर त्याचं जडत्व जवळपास रोटरएवढंच भरतं, म्हणजे आणखी ०.१७. बारा किलोची गँट्री जेवढं धरून ठेवते तेवढं ते बोटाएवढं लोखंड एकटं धरतं. एकूण अर्धा ज्यूल झाला की.

लेथवाल्यांना हे कळायला वेळ लागत नाही. चक वजनाला किती आहे त्यापेक्षा फिरताना थांबवायला किती लागतो ते आम्ही रोज बघतो.

सोल्डरगंध

मान्य, दादा. अर्धा ज्यूल धरून पुन्हा. सप्लाय ३६ व्होल्ट, कुठेही गळती नाही आणि एसएमपीएसचे आतले कपॅसिटर हिशेबात नाहीत असं समजून: लाइनवर फक्त १०० मायक्रोफॅरड असतील तर व्होल्टेज १०६ पर्यंत चढेल. १००० असतील तर ४८. ४७०० असतील तर ३९ च्या आत. दुकानदाराचा हजार-पन्नास लावला असता तर कपॅसिटर आणि ड्रायव्हर दोघंही आपल्या ५० च्या काठावर उभे राहिले असते.

मिशिगनकर

फार आकडेमोड करताय राव. इकडे गेकोड्राइव्ह या ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीच्या लिखाणात सरळ सूत्र दिलेलं आहे: ८०,००० गुणिले अँपिअर भागिले व्होल्ट, उत्तर मायक्रोफॅरडमध्ये. ५ अँपिअर आणि ३६ व्होल्टला ११,००० येतात. लावा आणि विसरा.

सोल्डरगंध

ते सूत्र ट्रान्सफॉर्मर-ब्रिज-कपॅसिटरच्या साध्या सप्लायसाठी आहे, दादा. एसएमपीएससाठी नाही. त्यातला ८०,००० कुठून येतो बघा: अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) १२०, आणि १० टक्के रिपल (व्होल्टेजचा चढउतार) चालवून घ्यायचा. १ भागिले १२ केलं की ०.०८३३ फॅरड, म्हणजे ८३ हजार मायक्रो. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ, ब्रिजनंतर १००. इथे तोच आकडा एक लाख धरावा लागतो. म्हणजे असा ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्यांनी ते सूत्र जसंच्या तसं उचललं तर रिपल २० टक्क्यांनी जास्त मिळेल.

एसएमपीएस लाखभर हर्ट्‌झच्या आसपास चालतो, त्याला रिपल गाळायला तुमची मदत लागत नाही. उलट लाइनवर वीस-तीस हजार मायक्रोफॅरड टांगले तर सुरू होताना त्याला तो शॉर्टच वाटतो आणि उचक्या देत बसतो. कोकणात दिवसातून किती वेळा लाईट जाते-येते ते वेगळं सांगायला नको.

मिशिगनकर

५० हर्ट्‌झचा मुद्दा लक्षात आला नव्हता. बरोबर आहे.

पोरगा_थ्रीडी

माझा छोटा प्रश्न घुसवतो. ए४९८८ हे छोटे ड्रायव्हर आहेत, सीएनसी शिल्डवर (ते खोचायच्या बोर्डावर). १२ व्होल्ट. सप्लायची पिन खोचली आणि ड्रायव्हर गेला. १२ व्होल्टवर ३५ व्होल्टवाला ड्रायव्हर कसा जातो?

सोल्डरगंध

हे पहिल्या कामाचं उदाहरण. मॉड्यूलवर छोटे सिरॅमिक कपॅसिटर असतात, त्यांचा ईएसआर जवळजवळ शून्य. लांब वायर आणि सिरॅमिक मिळून एलसी सर्किट तयार होतं. एकदम पिन खोचली की करंट वायरमधून धावत येतो आणि कपॅसिटर १२ ला भरला तरी थांबत नाही. नळ धाडकन बंद केल्यावर पाइप ठणकतो तसं. शिकवलेल्या गणितात व्होल्टेज दुपटीपर्यंत जातं. पण सिरॅमिकची क्षमता व्होल्टेज चढेल तशी घटते. ५० व्होल्ट छापलेला १० मायक्रोचा छोटा सिरॅमिक २४ व्होल्टवर निम्म्याहून कमी उरणं नेहमीचं आहे. त्यामुळे टोक दुपटीच्याही वर जातं. पोलोलू या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्या ए४९८८ च्या बोर्डाबरोबर हेच लिहिलंय, की १२ व्होल्टवरसुद्धा टोक ३५ च्या पुढे जाऊ शकतं, म्हणून निदान ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक बोर्डाच्या जवळ लावा.

इलेक्ट्रोलिटिक इथे वाचवतो तो दोन कारणांनी. तो सिरॅमिकच्या कित्येक पट मोठा असतो, आणि त्याचा थोडासा ईएसआर त्या झोक्याला ब्रेक लावतो. अगदी शून्य ईएसआर हवा असं इथे नसतं.

पोरगा_थ्रीडी

शिल्डवर तर ३६ व्होल्टपर्यंत चालेल असं छापलंय.

रेडिओवाले_काका

शिल्ड चालेल रे. त्यावर बसणाऱ्या ए४९८८ ची कमाल ३५ आहे. आणि शिल्डवरच्या कपॅसिटरांवर काय छापलंय ते भिंग लावून वाच. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्यावर १०० मायक्रो ३५ व्होल्टचे होते. टीएमसी२२०९ हा ड्रायव्हर लावणाऱ्यांनी तर आणखी जपावं. तो २९ पर्यंतच, म्हणजे २४ व्होल्टवर उरले किती, पाच.

आणि पिन खोचायची सवय सोड. आधी सगळं जोडायचं, मग एसएमपीएसचा मेन स्विच लावायचा. तो सावकाश चढतो, झटका येत नाही.

शिरोलीचा_टर्नर

सुतारभाऊ, मूळ दुखण्याकडे या. सोल्डरताईंचा अर्धा ज्यूल ही वरची मर्यादा. त्यातला बराच भाग स्क्रूच्या घर्षणात, मोटरच्या तांब्यात आणि लोखंडात जातो. मोटर थांबवतानाही ड्रायव्हर वाइंडिंगमध्ये करंट ढकलतच असतो. तीन मोटरी मिळून वीस-तीस वॉट नुसत्या तापण्यात खातात. सावकाश थांबलात तर परत यायला काही उरतच नाही. ॲक्सिलरेशन किती ठेवलंय?

कुडाळचा_सुतार

४०००. मशीनबरोबर आलेल्या सेटिंगच्या फाइलमध्ये तेच होतं.

शिरोलीचा_टर्नर

सेकंदवर्गाला ४००० मिमी म्हणजे ०.१६७ चा वेग ०.०४ सेकंदात शून्य. अर्धा ज्यूल एवढ्या वेळात म्हणजे सरासरी १२ वॉट, सुरुवातीला दुप्पट. तरीही घरच्या घरी बरंच खपायला हवं. फार तर तीसेक टक्के मागे येत असतील असं माझा अंदाज सांगतो. दीडशे मिलिज्यूलला ३६ चा एसएमपीएस पडायला नको.

रेडिओवाले_काका

मलाही तेच खटकतंय. सुतारा, मल्टिमीटर काढ. मशीन चालू, मोटरी थांबलेल्या. एसएमपीएसच्या टर्मिनलवर डीसी किती ते सांग.

कुडाळचा_सुतार

३९.५!!

रेडिओवाले_काका

सापडला चोर. टर्मिनलच्या पट्टीशेजारी व्ही-एडीजे लिहिलेला, व्होल्टेज कमी-जास्त करणारा छोटा प्लास्टिकचा स्क्रू असेल, तो कोणीतरी पार फिरवून ठेवलाय.

कुडाळचा_सुतार

मी तर हात लावलेला नाही. ज्याने मशीन जोडून दिलं त्याला फोन केला, तर म्हणाला, "व्होल्टेज जास्त तेवढा स्पीड जास्त, सगळ्यांना तसंच देतो."

सोल्डरगंध

आता सगळं जुळतं. या वर्गातल्या ३६ व्होल्टच्या एसएमपीएसचं ओव्हरव्होल्टेज साधारण ४१.४ ते ४८.६ च्या मध्ये कुठेतरी लागतं. तुमचा ४१.४ ला पडणारा असेल तर ३९.५ पासून जेमतेम दोन व्होल्टची मोकळीक.

एसएमपीएसच्या आत आउटपुटला २००० मायक्रोफॅरड आहेत असं धरू. ३९.५ वरून ४१.४ वर जायला त्यांना फक्त ०.१५ ज्यूल पुरतात. टर्नरदादांचा अंदाज बरोबर तेवढाच आहे, आणि तिरक्या धावेत दोन अक्ष एकदम थांबतात.

तोच स्क्रू ३६ वर आणला तर लागतात ०.४२ ज्यूल. जवळजवळ तिप्पट, एकही पैसा खर्च न करता. याउलट व्होल्टेज ३९.५ वरच ठेवून ४७०० मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर लावला असता, तर ०.१५ चे अर्ध्या ज्यूलपर्यंत गेले असते. म्हणजे एका स्क्रूड्रायव्हरचं काम आणि एका गलेलठ्ठ कपॅसिटरचं काम जवळपास सारखं. दोन्ही केलंत तर १.४ ज्यूलची जागा मिळते, मग काळजी नको.

वेग जाईल म्हणाल तर साडेतीन व्होल्टने या मोटरींच्या वेगात जाणवण्याजोगं काही कमी होत नाही.

वीजवेडा

एसएमपीएसच्या पुढे एक शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका ना सरळ. मागे काही जाणारच नाही. एसएमपीएस सुखी.

सोल्डरगंध

एसएमपीएस सुखी, ड्रायव्हर दुःखी. डायोड टाकला की एसएमपीएसच्या आतले दोन हजार मायक्रोफॅरड लाइनपासून तुटले. परत येणारी सगळी ऊर्जा डायोडच्या अलीकडे जे काही आहे त्यातच मावायची. आणि एसएमपीएसला चढलेलं व्होल्टेज दिसतच नाही, त्यामुळे तो पडून मशीनही थांबवत नाही. ५० ओलांडले की ड्रायव्हर जातो.

डायोड लावायचा तर त्याच्या मोटरकडच्या बाजूला मोठा कपॅसिटर हवाच. ४७०० असेल तर ३६ पासून ५० पर्यंत २.८ ज्यूल मावतात, म्हणजे भरपूर. आणि डायोडला हीटसिंक द्या. ८ अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे चार वॉट उष्णता.

वीजवेडा

आणि टीव्हीएस, तो व्होल्टेज मर्यादेवर दाबून धरणारा डायोड?

सोल्डरगंध

कामाचा ठरतो, पण झटक्यासाठी. पी६केई४३ए घ्या. तो ४३ च्या आसपास वाहायला लागतो, पण पूर्ण पल्स करंटला ५९ पर्यंत चढतो. ५० वाला ड्रायव्हर तोवर गेलेला असतो. आणि रोज दर धावेला ब्रेकची ऊर्जा त्यात जाळायची तर तो छोटासा डायोड तापून बसेल. खरंच तेवढी ऊर्जा असेल, म्हणजे जड रोटरी अक्ष, नेमा ३४, मोठं चक, तर कंपॅरेटर, मॉस्फेट आणि वायरवाउंड रेझिस्टर असा ब्रेक-चॉपर (जादा ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळणारं सर्किट) करावा. सुतारभाऊंना गरज नाही.

रेडिओवाले_काका

आता माल घेण्याबद्दल. ३६ च्या लाइनवर ५० व्होल्टचा घेऊ नकोस, ६३ चा घे. तुझी लाइन चढते हे तू डोळ्यांनी बघितलंयस. २४ वाल्यांनी ३५ चा घेतला तर चालतो, ५० चा असेल तर सोन्याहून पिवळं.

१०५ डिग्रीवाला घे, ८५ वाला नको. १०५ डिग्रीला २००० तास असं लिहिलेलं असतं त्यावर घाबरू नकोस. तापमान दहा अंश उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. ६५ ला चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. पण ड्रायव्हरच्या हीटसिंकला चिकटवून ठेवलास तर त्यातलं काही मिळणार नाही. डेटाशीटमध्ये रिपल करंट बघायचा. ड्रायव्हरच्या पायाशी लागणाऱ्याला तो महत्त्वाचा, लाइनवरच्या मोठ्याला तेवढा नाही.

डुप्लिकेट माल फार आहे. मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर घालून विकतात. ४७००-६३ हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे, हलका लागला तर परत ठेव. शक्य असेल तर एलसीआर मीटरवर मोज. १०० हर्ट्‌झवर किती भरतो ते आधी बघ आणि मग ईएसआर १ लाख हर्ट्‌झवर. पॅनासॉनिक, निचिकॉन, रुबिकॉन अधिकृत वितरकाकडून घे. आपल्या देशातलं केल्ट्रॉनही आहे, केरळात कण्णूरला बनतात, लाइनवरच्या कामाला उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळेल, पण बिल मागून घे.

पांढरी पट्टी म्हणजे मायनस. उलटा लावलास तर वरच्या फुलीतून वाफ काढतो, आणि तो वास दोन दिवस जात नाही.

शिरोलीचा_टर्नर

तो एक्सचा ड्रायव्हर मेला त्याचं काय पण? एसएमपीएस ४१ ला पडत असेल तर ५० वाला ड्रायव्हर व्होल्टेजने मरायला नको. मोटरची वायर बघा. ड्रॅगचेनमधली (हलत्या वायरी धरणाऱ्या साखळीतली) असेल तर हमखास तिथेच. चालू ड्रायव्हरचं वाइंडिंग मध्येच तुटलं की झटका थेट आउटपुटच्या मॉस्फेटवर येतो. त्याला लाइनवर कितीही कपॅसिटर लावा, उपयोग शून्य.

कुडाळचा_सुतार

दादा, तुमचे पाय धरायला हवेत. एक्सच्या मोटरचा गोल चारपिनी कनेक्टर उघडला. तीन नंबरच्या पिनवरचा डाग वरून चकचकीत दिसतो, पण वायर चिमट्याने ओढली तर पिनच्या वाटीतून अख्खी बाहेर आली. शिसं नुसतं वायरला धरलेलं, पिनला लागलेलंच नव्हतं. चारही पिना पुन्हा डाग देऊन वर श्रिंक स्लीव्ह घातली.

व्ही-एडीजे ३६.० वर आणलं. ॲक्सिलरेशन १५०० केलं, जाळीच्या कामाला वेळेत म्हणण्यासारखा फरक नाही. लाइनवर ४७००-६३, प्रत्येक ड्रायव्हरच्या टर्मिनलवर २२०-६३. ड्रायव्हरना वायर आधी एकातून दुसऱ्यात अशी माळेसारखी नेलेली होती. आता एकाच जागेवरून प्रत्येकाला वेगळी जोडी, पिळून. दोन दिवस सावंतवाडीच्या एका ऑर्डरचं काम सलग चाललंय, एसएमपीएस एकदाही पडला नाही.

एकच शंका. स्विच बंद केल्यावर तो मोठा कपॅसिटर भरलेला राहतो का? मुलगा मशीनच्या आसपास असतो.

रेडिओवाले_काका

ड्रायव्हर जोडलेले असतील तर तेच बऱ्यापैकी रिकामा करतात. पण दुरुस्तीला वायर काढलीस की राहतो. ३६ व्होल्टचा शॉक लागणार नाही, पण पान्हा आडवा पडला तर ठिणगी मोठी उडते आणि डोळ्यात शिसं जातं. २.२ किलोओहमचा रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन पायांवर कायमचा बसव. दहा सेकंदांत निम्म्याच्या खाली, पाऊण मिनिटात जवळपास शून्य. सतत ०.६ वॉट खातो, म्हणून २ वॉटचा घे. अर्ध्या वॉटचा लावलास तर काळा पडेल.

पोरगा_थ्रीडी

काका, माझ्या १२ व्होल्टला १०० मायक्रो २५ व्होल्टचा पडून आहे, तो चालेल का?

रेडिओवाले_काका

चालेल. मॉड्यूलच्या व्हीमॉट (मोटरच्या सप्लायची पिन) आणि शेजारच्या ग्राउंडच्या पिनवर थेट डाग दे, पाय छोटे कापून.